काच, माती आणि रंग : जॉर्ज रूओ यांची जीवनयात्रा



प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपण क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो. सहाव्या स्थानापाशी वेरोनिका गर्दीतून पुढे येते, प्रभूचा रक्ताने आणि घामाने माखलेला चेहरा पुसते आणि तिच्या वस्त्रावर प्रभूचे मुख उमटते. हा प्रसंग शुभवर्तमानात नाही, तो ख्रिस्ती परंपरेने जपला आहे. फ्रान्समधील एका कलावंताने आपल्या दीर्घ आयुष्यात हे मुख अनेकदा घडवले. कधी ते रंगात आले, कधी तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले आणि शेवटी काचेत उतरले. त्यांचे नाव जॉर्ज रूओ. विसाव्या शतकातील ख्रिस्ती कलेत त्यांचे स्थान फार वरचे आहे. तरीही त्यांची कला देवळात यायला त्यांना वयाची सत्तरी उलटेपर्यंत थांबावे लागले. त्याच वयात त्यांनी स्वतःची तीनशेहून अधिक चित्रे आगीत टाकली. एखादा कलावंत आपल्याच हातची चित्रे का जाळतो, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य सुरुवातीपासून पाहिले पाहिजे.

रूओ यांचा जन्म २७ मे १८७१ रोजी पॅरिसच्या बेलव्हिल या कामकऱ्यांच्या वस्तीत झाला. त्या आठवड्यात पॅरिसमध्ये यादवी माजली होती. सरकारी फौजा शहरातील क्रांतिकारकांवर तोफा डागत होत्या. बाळंतिणीला तळघरात हलवावे लागले आणि तेथेच जॉर्जचा जन्म झाला. वडील लाकूडकाम करणारे कारागीर होते, पियानोच्या कारखान्यात नोकरीला होते. घरात पैसा नव्हता, पण हाताच्या कामाबद्दल मोठा आदर होता. आजोबा पोस्टात साधे नोकर होते, पण चित्रांचे वेडे. स्वस्तात मिळणाऱ्या छापील प्रती ते जमवत. रेम्ब्राँ, दोमिए यांची चित्रे नातवाने प्रथम पाहिली ती आजोबांच्या घरात.

चौदाव्या वर्षी, १८८५ मध्ये, मुलाला रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. जुन्या देवळांतील मोडक्या खिडक्या तेथे दुरुस्तीला येत. भट्टीवर लक्ष ठेवणे आणि निखळून पडलेले काचेचे तुकडे निवडून ठेवणे ही त्याची कामे. त्यांतले काही तुकडे कित्येक शतकांपूर्वीचे असत. ते हातात धरून उजेडाकडे केले की निळा आणि लाल रंग कसा पेटून उठतो, हे त्या मुलाने रोज पाहिले. रात्री तो चित्रकलेच्या वर्गाला जाई.

त्या दिवसांतील एक गोष्ट सांगितली जाते. मालक त्याला कामानिमित्त शहरात पाठवताना घोड्यांच्या बसचे भाडे देई. जॉर्जला त्या पैशांतून रंग विकत घ्यायचे असत. म्हणून तो बसमध्ये न बसता तिच्या बाजूने धावत जाई. धावत का, तर चालत गेल्यास उशीर होईल आणि मालकाच्या वेळेची चोरी होईल. रंगांची ओढ आणि दुसऱ्याचे आपल्याकडून काही बुडू नये ही काळजी, दोन्ही त्या वयातच दिसतात.

रंगीत काचेची खिडकी कशी बनते, हे थोडे सांगितले पाहिजे. काचेचे लहान लहान तुकडे कापून ते शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. या पट्ट्या उजेड अडवतात, म्हणून त्या काळ्या दिसतात. पण त्या काढल्या तर खिडकी उभीच राहणार नाही. पुढे रूओ यांच्या चित्रांत प्रत्येक आकृतीभोवती जाड काळी रेघ आली, आणि तीच त्यांची ओळख ठरली. पुष्कळांना त्या रेघेत उमेदवारीच्या दिवसांतले शिसे दिसते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांच्या चित्रांत दुःख असतेच, पण ते रंगाला गिळत नाही, त्याला धरून ठेवते.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी काचेचे काम सोडून पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे ग्युस्ताव्ह मोरो हे शिक्षक लाभले. हेन्री मातीस हे त्याच वर्गातले. मोरो यांचा या अबोल विद्यार्थ्यावर विशेष जीव होता. मंदिरात शास्त्र्यांच्या मध्ये बसलेल्या बाल येशूच्या चित्राला १८९४ मध्ये बक्षीस मिळाले. पण रोमला जाऊन शिकण्याची मोठी शिष्यवृत्ती दोनदा हुकली. तेव्हा शाळा सोडून स्वतःच्या वाटेने जा, असा सल्ला मोरो यांनीच दिला.

१८९८ मध्ये मोरो वारले. रूओ यांना दुसऱ्यांदा पोरके झाल्यासारखे वाटले. आतापर्यंत शिकलेली सफाईदार चित्रकला त्यांना खोटी वाटू लागली. तब्येत ढासळली. याच काळात त्यांची श्रद्धा खोल गेली. त्यांचे बालपण काही नियमित धर्मशिक्षणात गेले नव्हते. त्यांच्या वडिलांना ज्या धर्मगुरूंचे विचार प्रिय होते, त्यांना रोमने दोषी ठरवल्यामुळे ते नाराज होते आणि त्यांनी मुलाला प्रोटेस्टंट शाळेत घातले होते. जॉर्ज यांनी पहिले ख्रिस्तशरीर स्वीकारले ते मोठेपणी, स्वतः विचार करून. १९०१ मध्ये ते लिग्युजे येथील बेनेदिक्तीन मठाजवळ जाऊन राहिले. ख्रिस्ती कलावंतांचा एक छोटा समूह तेथे एकत्र राहून काम करील, असे लेखक ह्यूसमान्स यांचे स्वप्न होते. पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये संन्यस्त संघांविरुद्ध कायदा झाला, मठवासीयांना देश सोडावा लागला आणि तो बेत मोडला.

पॅरिसला परतल्यावर गुरूंच्या घराचे जे संग्रहालय झाले, त्याचे व्यवस्थापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार अगदी बेताचा होता. आता त्यांच्या चित्रांत कोण येऊ लागले? सर्कशीतले विदूषक, रस्त्यावरच्या वेश्या, न्यायासनावर बसलेले न्यायाधीश आणि त्यांच्यापुढे उभे असलेले आरोपी.

विदूषकाचे कारण त्यांनी पुढे एका पत्रात सांगितले आहे. एकदा रस्त्याच्या कडेला फिरत्या खेळ करणाऱ्यांची गाडी थांबली होती. एक म्हातारा विदूषक आपला चमचमता, रंगीबेरंगी अंगरखा दुरुस्त करीत बसला होता. तो भरजरी पोशाख आणि आतले अतिशय दुःखी जीवन यांतील अंतर पाहून रूओ हादरले. मग त्यांच्या ध्यानात आले की हा विदूषक म्हणजे आपण सगळेच आहोत. प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही झगमगते असते, कुणाचे पद, कुणाचा झगा, कुणाचा मुकुट. त्या दिवसापासून माणसाच्या अंगावरचा हा झगमगता अंगरखा त्यांनी तसाच राहू दिला नाही, राजाचाही नाही. बंधुभगिनींनो, हे लिहिताना मिस्सेच्या वेळी माझ्या अंगावर असलेला झगा मला आठवल्याशिवाय राहिला नाही.

न्यायालयात ते एका ओळखीच्या सरकारी वकिलामुळे जाऊन बसत. त्यांचे न्यायाधीश भेसूर दिसतात हे खरे. पण त्यांना न्यायाधीशांचा द्वेष नव्हता. एका माणसाने दुसऱ्याचा न्याय करावा, या गोष्टीचीच त्यांना धास्ती वाटे. वेश्यांच्या चित्रांतही चोरटी मौज नाही. तेथे पाप दिसते, आणि त्या पापाची किंमत कुणाच्या देहाने मोजली तेही दिसते.

लोकांना ही चित्रे आवडली नाहीत. सर्वांत मोठा घाव आला तो मित्राकडून. लेओं ब्ल्वा हे जहाल कॅथोलिक लेखक होते, आणि गरिबांविषयीच्या त्यांच्या पुस्तकांनी रूओ यांना वाट दाखवली होती. त्याच ब्ल्वा यांना ही चित्रे कुरूप वाटली आणि त्यांनी ते तोंडावर सांगितले. रूओ उभे राहून, फिकट चेहऱ्याने, एक शब्द न बोलता ऐकून घेत. त्यांनी मैत्री तोडली नाही आणि चित्रेही बदलली नाहीत. अपमान झाला की आपण यांपैकी एक तरी करतोच.

याच वर्षांत ते मातीकडे वळले. आंद्रे मेते नावाचे कुंभारकामातले जाणकार पॅरिसजवळच्या आपल्या कारखान्यात चित्रकारांना बोलावून भांड्यांवर रंगकाम करवून घेत. रूओ यांनी तेथे थाळ्या, फुलदाण्या आणि फरशा रंगवल्या. काच उजेडापुढे धरली की रंग कळतो. मातीवर चढवलेला झिलईचा रंग मात्र भट्टीत जाण्याआधी फिका आणि वेगळाच दिसतो, आणि भट्टीतून काय बाहेर येईल ते आगीवर अवलंबून असते. एकदा भाजल्यावर दुरुस्ती नाही. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला तेव्हा माती अजून चाकावर होती आणि बिघडलेले भांडे पुन्हा घडवता येत होते. भट्टीनंतर तसे नसते. एरवी एकेक चित्र वर्षानुवर्षे बदलत बसणाऱ्या माणसाने ही शिस्तही शिकून घेतली.

१९०८ मध्ये त्यांचा विवाह पियानोवादक मार्थ ल सिदाने यांच्याशी झाला. चार मुले झाली. चित्रे विकली जात नव्हती तेव्हा मार्थ यांनी पियानोच्या शिकवण्या करून संसार सावरला. अशा थोर माणसांच्या चरित्रात पत्नीला एकच ओळ मिळते. मला वाटते, या घरातली काळी रेघ बरीचशी त्यांनीच धरून ठेवली होती.

१९११ च्या सुमारास कुटुंब व्हर्सायला राहायला गेले. शेजारी होते तत्त्वज्ञ जाक मारितँ आणि त्यांच्या पत्नी राईसा. रूओ दर आठवड्याला त्यांच्याकडे जेवायला जात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मारितँ यांचे कलेवरील पुस्तक मला अभ्यासाला होते. संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे ते सांगतात की कारागिराची पहिली जबाबदारी हातातील वस्तू चांगली घडवण्याची असते. हेतू पवित्र आहे म्हणून वाईट सुतारकाम चांगले ठरत नाही. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. ते लिहिताना मारितँ यांच्या डोळ्यांसमोर जेवणाच्या टेबलापलीकडे बसलेले रूओ होते, हे मला फार नंतर कळले. मग तो धडा पाठांतराचा राहिला नाही. शनिवारी रात्री घाईघाईने उरकलेले प्रवचन रविवारी वेदीवर नेताना आता मला रूओ आठवतात.

१९१३ मध्ये चित्रांचे मोठे व्यापारी अँब्र्वाझ व्होलार यांनी त्यांच्या चित्रशाळेतील सर्वच्या सर्व चित्रे विकत घेतली. त्यांत कितीतरी अपुरी होती. रूओ यांनी एकच अट घातली. अपुरी चित्रे मी माझ्या वेळेने पूर्ण करीन. पुढे व्होलार यांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांना कामाची जागाही दिली.

वडिलांच्या मृत्यूनंतर १९१२ च्या सुमारास रूओ यांनी शाईने काही चित्रे काढायला घेतली. मग पहिले महायुद्ध आले, आणि त्या चित्रांत साऱ्या जगाचे मरण उतरले. त्यांतून ‘मिझेरेरे’ ही चित्रमाला तयार झाली. दावीद राजाच्या पश्चात्तापाच्या स्तोत्राचा लॅटिनमधील पहिला शब्द हे तिचे नाव. तांब्याच्या मोठ्या पत्र्यांवर कोरलेली ही ५८ चित्रे आहेत. शंभर करायचे ठरले होते. एकेक पत्रा ते आम्लाने, कानशीने, खरवडणीने पुन्हा पुन्हा बदलत राहिले. १९२७ पर्यंत छपाई पूर्ण झाली, पण ती चित्रे लोकांसमोर आली १९४८ मध्ये. त्यांत मुलाला कुशीत घेतलेली आई आहे, गर्वाने फुगलेली माणसे आहेत, युद्धातले सांगाडे आहेत आणि या सर्वांमधून वाट काढणारा ख्रिस्त आहे. वेरोनिकाच्या वस्त्रावरचे मुख त्यांत आहे, आणि माला संपते तीही प्रभूच्या जखमी मुखावर.

हळूहळू कीर्ती आली. १९२९ मध्ये उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरील नृत्यनाट्याचे पडदे आणि पोशाख त्यांनी केले. १९३२ मध्ये रंगवलेले, शिपायांनी थट्टा केलेल्या ख्रिस्ताचे चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. म्हाताऱ्या राजाचे त्यांचे प्रसिद्ध चित्र १९१६ मध्ये सुरू झाले आणि १९३७ मध्ये संपले. थरावर थर चढत जाऊन त्यांचा रंग इतका जाड होई की तो भाजलेल्या मातीसारखा दिसे आणि आतून काचेसारखा उजळे. तिन्ही माध्यमे त्यांच्या हातात एक झाली होती.

१९३९ मध्ये व्होलार मोटार अपघातात मरण पावले. त्यांच्या वारसांनी वरच्या मजल्याला कुलूप घातले. आत शेकडो अपुरी चित्रे होती. वारसांच्या दृष्टीने ती पैसे मोजून घेतलेली मालमत्ता होती. रूओ यांचे म्हणणे असे की जे मी पूर्ण केले नाही, ज्यावर सही केली नाही, ते अजून माझ्या हातून सुटलेले नाही. महायुद्ध संपल्यावर खटला चालला. १९४७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की चित्र पुरे झाले आहे असे चित्रकार स्वतः म्हणत नाही, तोवर ते त्याचेच असते. कलावंताच्या नैतिक हक्कांच्या इतिहासात या निकालाला मोठे महत्त्व आहे. विकली गेली होती ती चित्रे सोडून बाकीची, जवळजवळ सातशे, त्यांना परत मिळाली.

मग सत्याहत्तर वर्षांच्या रूओ यांनी हिशेब केला. एवढी सगळी पूर्ण करण्याइतके आयुष्य आता उरलेले नाही. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, न्यायालयीन अधिकाऱ्याच्या समक्ष, त्यांनी ३१५ चित्रे आगीत टाकली. तोपर्यंत त्यांच्या एकेका चित्राला मोठी किंमत येत होती. विकली असती तर घेणारे पुष्कळ होते. कुणी म्हणेल, हा अहंकार झाला. मुलांसाठी ठेवायची होती, गरिबांना पैसे वाटायचे होते. हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. मला एवढेच समजते की त्यांच्या मते ही चित्रे अजून खरी झाली नव्हती, आणि त्यांत ख्रिस्ताचे मुखही असेल. खोटे मुख आपल्या नावाने जगात फिरावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. बसच्या बाजूने धावणारा मुलगा म्हातारपणीही तसाच राहिला होता. आता वेळ होती ती दुसऱ्या मालकाची, आणि त्याच्याच घरी लवकर हिशेब द्यायचा होता.

आता ख्रिस्तसभेविषयी. आयुष्यभर प्रभूचे मुख रंगवणाऱ्या या माणसाला कुठल्याही देवळाने कधी काम दिले नव्हते. देवळांना हव्या होत्या पॅरिसमधील धार्मिक वस्तूंच्या दुकानांत मिळणाऱ्या गुळगुळीत, गोड चेहऱ्यांच्या मूर्ती. जखमा खऱ्या वाटतील असा ख्रिस्त कुणाला नको होता. आपल्या घरातील वेदीवरची चित्रे आठवा, म्हणजे दोष फक्त फ्रान्सला देता येणार नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, माँ ब्लाँ पर्वतासमोर, आसी नावाचे पठार आहे. तेथे क्षयरोग्यांची रुग्णालये होती. रुग्णांसाठी फादर देव्हेमी एक देऊळ बांधत होते. डॉमिनिकन धर्मगुरू फादर कुत्युरिए यांनी त्यांना १९३९ मध्ये पॅरिसला रंगीत काचेच्या एका प्रदर्शनात नेले. तेथे रूओ यांची एक खिडकी होती, अपमानित ख्रिस्ताची. ती देव्हेमी यांच्या मनात भरली, आणि मापे पाहिली तर देवळातील जागेत ती नेमकी बसत होती. पुढे रूओ यांच्या चित्रांवरून केलेल्या एकूण पाच खिडक्या त्या देवळात आल्या. त्यांत वेरोनिकाही आहे. ४ ऑगस्ट १९५० रोजी देवळाचे अभिषेचन झाले. ज्या वेळी क्षयावर हमखास औषध नव्हते, त्या वेळी घरापासून दूर, खोकत पडलेल्या माणसांसाठी ते देऊळ योजले होते. खरी जखम असलेला ख्रिस्त कुणाला हवा होता, तर त्यांना.

चौदाव्या वर्षी काचेचे तुकडे निवडणारा हात अशा रीतीने पुन्हा काचेकडे आला. लिग्युजेच्या मठाशीही नाते पुन्हा जुळले. तेथील मठवासी त्यांच्या चित्रांवरून मिनाकाम करू लागले. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांचा सन्मान केला. १३ फेब्रुवारी १९५८ रोजी पॅरिसमध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी रूओ प्रभूघरी गेले. तळघरात जन्मलेल्या कारागिराच्या मुलाला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये पत्नी आणि मुलांनी चित्रशाळेत उरलेल्या अपुऱ्या कलाकृती फ्रान्सला देऊन टाकल्या, विकल्या नाहीत.

आपल्याकडे गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या क्रूसावरील ख्रिस्ताच्या चित्रांत जाड काळ्या रेघा दिसतात. त्यांत समीक्षकांना रूओ यांची आठवण होते. सोझा यांचे ख्रिस्तसभेशी भांडण होते, रूओ यांचे नव्हते. तरी जखमी मुखाचा शोध दोघांनाही होता.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे जण चित्रकार आहेत. पण कुणी गवंडी आहे, कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी कार्यालयात कागदांवर सह्या करतो, कुणी पहाटे उठून घरातल्यांचे डबे भरते. प्रत्येकाच्या हातून रोज काहीतरी सुटते आणि दुसऱ्याच्या घरी जाते. या आठवड्यात सहाव्या स्थानापाशी गुडघे टेकताना एक प्रश्न स्वतःला विचारू या. माझ्या हातून जे सुटते, त्यावर मी निर्मळ मनाने सही करू शकतो का? आणि ज्या चेहऱ्याकडे पाहायला मला नको वाटते, रस्त्यावरचा, तुरुंगातला, घरातल्या आजाऱ्याचा, त्याला पुसायला माझ्याजवळ एखादे वस्त्र आहे का?

प्रभू आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो आणि आपल्या हृदयावर त्याचे मुख उमटवो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू